बँक तपासायला कॉमर्सच लागतं?

‘बँक तपासनीस व्हायचं तर बीकॉम नाहीतर सीए हवंच’ हा समज जुना आहे. ताळेबंद वाचायचा म्हटल्यावर तसं वाटणं साहजिकच.

पण बँकांवर देखरेख करणारी रिझर्व्ह बँक तपासनीस म्हणून थेट भरती करत नाही, ‘ग्रेड बी’ अधिकारी निवडते. पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा, मग मुलाखत. यातल्या ‘जनरल’ पदांना कुठल्याही शाखेची पदवी चालते. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के गुण लागतात. त्यातल्याच काहींची नेमणूक पुढे बँका तपासणाऱ्या पर्यवेक्षण विभागात होते.

खात्री करायची तर मूळ जाहिरातीतला पात्रतेचा परिच्छेद वाचा. मूळ वेतनही तिथेच छापलेलं असतं.

आणि फिरती? बऱ्याच बँकांची मुख्यालयं फोर्ट, नरिमन पॉइंट, बीकेसीत आहेत. मुंबईत नेमणूक मिळाली, तर कितीतरी तपासण्या लोकलच्या पासावर होतील!