टिंब आणि रेघ: देशाचा क्रमांक वेगळा, देशाची प्रगती वेगळी

नंदुरबारकडच्या सातपुड्यातल्या एका अंगणवाडीत वजनाचा दिवस होता. वाशाला काटा टांगलेला, त्याच्या झोळीत एक पोरगं, आणि रडून त्यानं सगळी अंगणवाडी डोक्यावर घेतलेली. ताईंनी वजन वाचलं, कार्डावरच्या तक्त्यात टिंब टाकलं आणि मागच्या महिन्याच्या टिंबाला जोडलं. टिंब पिवळ्या पट्ट्यात. आईचं तोंड उतरलं, तशा ताई म्हणाल्या, "टिंब काय बघते माय, रेघ बघ. वर चालली ना?" शेजारच्या पोरीचं टिंब हिरव्यात होतं, पण रेघ तीन महिने आडवी. ताई दुसऱ्या दिवशी जाणार होत्या त्या पोरीच्या घरी.

शाश्वत विकासाच्या बातम्या वाचताना मला तो तक्ता आठवतो. तिथं टिंबालाच रेघ समजण्याची चूक सर्रास होते.

संयुक्त राष्ट्रांच्या सदस्य देशांनी २०१५ मध्ये १७ उद्दिष्टं आणि १६९ लक्ष्यं ठरवली, बहुतेकांची मुदत २०३०. 'भारत अमुकाव्या क्रमांकावर' ही दरवर्षीची बातमी येते ती एसडीएसएन या तज्ज्ञांच्या जाळ्याच्या निर्देशांकावरून. त्यात देशाला शून्य ते शंभर गुण मिळतात. शंभर म्हणजे सगळं गाठलं. २०२५ मध्ये भारत ६७ गुणांवर ९९ वा होता, पहिल्या शंभरात पहिल्यांदाच. नेपाळ ८५ वा, भूतान ७४ वा. हे झालं टिंब. (आणि ही यादी संयुक्त राष्ट्रांची अधिकृत मोजणी नव्हे, संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली सुरू झालेल्या या जाळ्याचं ते काम आहे.) क्रमांकाची आणखी एक खोड आहे: शेजारी घसरला की आपण जागचे न हलता वर चढतो.

रेघ काढतं ते बँकॉकचं इस्कॅप, म्हणजे आशिया-पॅसिफिकसाठीचा संयुक्त राष्ट्रांचा आयोग. त्याच्या वार्षिक अहवालात पहिला-दुसरा कोण हा मुद्दाच नसतो. २०१५ पासून किती अंतर कापलं आणि याच चालीनं २०३० ला कुठं पोचू, हे दोन प्रश्न असतात. २०२४ च्या अहवालाचं उत्तर होतं की या चालीनं हा प्रदेश २०६२ च्या आधी सगळी उद्दिष्टं गाठणार नाही. हवामानाच्या, म्हणजे तेराव्या उद्दिष्टावर तर गाडी उलटी चाललेली.

हिशोब कसा होतो ते एका आकड्यावर बघा. पाच वर्षांखालच्या बालकांचे मृत्यू दर हजार जन्मांमागे २५ किंवा त्याहून कमी, हे लक्ष्य. नमुना नोंदणी पाहणीनुसार भारतात हा दर २०१४ मध्ये ४५ होता, २०२० मध्ये ३२. कापायचं अंतर २०, त्यातलं १३ कापलं, म्हणजे ६५ टक्के. २०१४ ते २०३० या सोळा वर्षांपैकी मात्र सहाच गेली होती. टिंब ३२ वर, म्हणजे अजून लक्ष्याबाहेर. रेघ मात्र वेळेच्या पुढं. नुसता ३२ हा आकडा छापला तर यातलं काहीच कळत नाही.

प्रदेशाचा आकडा एखाद्या देशाला चिकटवणं हा आणखी एक घोळ. इस्कॅपच्या प्रदेशात चीन आहे, भारत आहे आणि तुवालूही आहे. २०६२ हे त्या सगळ्यांचं मिळून निघालेलं साल. त्यावरून तुवालूचं काहीच ठरत नाही.

आपल्या खान्देशात हा फरक सरकारी कागदावरच आहे. २०१८ पासून नंदुरबार आकांक्षित जिल्हा आहे, म्हणजे मागं राहिलेला म्हणून केंद्रानं खास लक्ष द्यायला निवडलेला, आणि या जिल्ह्यांची क्रमवारी 'डेल्टा'वर लागते, म्हणजे मागच्या मोजणीपासून किती फरक पडला त्यावर. त्यात वर आलेला जिल्हा सुधारलेला असतो; पुढारलेला असेलच असं नाही. हेडलाइन देणाऱ्यांना हे सांगून माझी तर जीभ झिजली. धुळे-जळगाव त्या यादीतच नाहीत, म्हणून नंदुरबार डेल्टात वर आला की जळगावला मागं टाकलं असं कुणी म्हटलं तर ती निव्वळ गंमत.

रेघेला किमान दोन टिंबं लागतात. इस्कॅपलाही तेच नडतं. कित्येक निर्देशकांवर कित्येक देशांचा एकच आकडा असतो किंवा एकही नसतो. त्या दिवशी अंगणवाडीत तिसरं एक कार्ड होतं, दिवाळीनंतर कोरंच. घर ऊसतोडीला गुजरातेत गेलेलं. ताईंनी ते कार्ड गठ्ठ्याच्या सगळ्यात वर ठेवलं होतं.