एका वर्षाचं एमबीए आलं कुठून?

एमबीए म्हणजे दोन वर्षं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय ते अमेरिकेमुळे. हार्वर्डने 1908 मध्ये ही पदवी सुरू केली ती दोन वर्षांची. 1961 मध्ये कोलकाता आणि अहमदाबादला आयआयएम उभ्या राहिल्या. पहिलीला एमआयटीचं सहकार्य होतं, दुसरीला हार्वर्डचं. मुंबईत 1965 साली जमनालाल बजाज संस्था निघाली, तीही स्टॅनफर्डच्या मदतीने. साचा तिकडचा, विद्यार्थी मात्र इकडचे. तिकडे नोकरी करून आलेली माणसं वर्गात बसू लागली, आपल्याकडे बरीचशी मुलं नुकतीच पदवी हातात पडलेली. कंपनी आतून कशी चालते, याची पहिली ओळख त्यांना मधल्या उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपमध्ये व्हायची.

युरोपने वेगळी वाट धरली. पॅरिसजवळच्या फाँतेनब्लोमध्ये 1957 साली इन्सियाड ही व्यवस्थापन शिकवणारी संस्था स्थापन झाली. गंमत म्हणजे तिच्यामागचे मुख्य गृहस्थ, जॉर्ज डोरिओ, हार्वर्डचेच प्राध्यापक. पहिली बॅच 1959 मध्ये बसली, तीही तिथल्या जुन्या राजवाड्यात. इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन या तिन्ही भाषा यायला हव्यात अशी अट होती. आज हा अभ्यासक्रम दहा महिन्यांचा आहे: साधारण आठ आठवड्यांचा एक टप्पा, असे पाच. जानेवारीत प्रवेश घेणाऱ्यांना मध्ये उन्हाळी सुट्टी मिळते आणि इंटर्नशिप करता येते. ऑगस्टअखेर सुरू होणाऱ्या बॅचला ती सोय नाही. क्षेत्र बदलायचं असेल तर पदवीच्या नावापेक्षा हा फरक मोठा.

भारतात एका वर्षाच्या एमबीएची ही कल्पना रुजवली ती हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसने, 2001 मध्ये, केलॉग आणि व्हार्टन या अमेरिकी बिझनेस स्कूलांच्या सहकार्याने. किमान दोन वर्षं नोकरी केलेल्यांनाच प्रवेश. संस्थेने एआयसीटीईची, म्हणजे तंत्र आणि व्यवस्थापन शिक्षणावर देखरेख करणाऱ्या सरकारी परिषदेची, मान्यता घेतली नाही, त्यामुळे हातात पदवी न पडता प्रमाणपत्र पडायचं. कंपन्यांनी त्याची फारशी फिकीर केली नाही. मग आयआयएमही एका वर्षाच्या अभ्यासक्रमात उतरल्या: अहमदाबादचा पीजीपीएक्स 2006 मध्ये, कोलकात्याचा पीजीपीईएक्स 2007 मध्ये, बंगळुरूचा ईपीजीपी 2009 मध्ये. हे अनुभवी लोकांसाठी. अहमदाबादला आज किमान 4 वर्षांचा अनुभव लागतो. 2018 मध्ये लागू झालेल्या कायद्याने आयआयएमना पदवी देण्याचा अधिकार मिळाला आणि एका वर्षाला एमबीए म्हणायचं का, हा वाद सरकारी पातळीवर पेटला, कारण यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, तेव्हाच्या नियमात पदव्युत्तर पदवी दोन वर्षांची होती.

थोडक्यात, दोन वर्षांचा कोर्स दाबून बसवला की एक वर्षाचा होतो, असं नाही. ज्याला नोकरीचा अनुभव आहे त्याच्यासाठी हा बेतलेला. पाच-सहा वर्षं एकाच क्षेत्रात काढून वरच्या खुर्चीवर डोळा असेल, तर एक वर्षाचा पगार वाचतो, हा सरळ फायदा. पण आयटीतून थेट इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये उडी मारायची असेल, तर इंटर्नशिपविना रिझ्युमेवर दाखवायला काही उरत नाही, आणि वर्गात बस्तान बसतंय तोवर प्लेसमेंटची तयारी सुरू झालेली असते. पुढे पीएचडी किंवा सरकारी नोकरीचा विचार असेल त्याने शेवटी पदवी मिळणार की प्रमाणपत्र, हे फी भरण्याआधी विचारून घ्यावं.