स्त्रियांसाठी व्यसनोपचार

मद्य, अफूजन्य पदार्थ, झोपेच्या व वेदनाशामक गोळ्या यांच्या व्यसनात सापडलेल्या स्त्रियांसाठी, त्यांची शरीरप्रकृती, गर्भारपण, मुलांची जबाबदारी आणि मारहाणीचा पूर्वानुभव ध्यानात घेऊन आखलेली उपचारपद्धती. पुरुषांच्या केंद्रात स्त्रियांसाठी चार खाटा राखून ठेवल्या, म्हणून त्यास ही संज्ञा लावणे योग्य नव्हे.

आरंभाविषयी मतभेद आहेत. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे १८४० मध्ये निघालेल्या, मद्यपींनी एकमेकांच्या आधाराने दारू सोडण्याच्या वॉशिंग्टोनियन चळवळीच्या जोडीने पुढल्याच वर्षी मार्था वॉशिंग्टन मंडळे स्थापन झाली. काही अभ्यासक तेथूनच सुरुवात धरतात. मात्र या मंडळांचा भर मद्यपींच्या कुटुंबांना कपडालत्ता व मदत पुरवण्यावर होता. शिकागोतील मार्था वॉशिंग्टन होम हे पहिले निवासी केंद्र मानण्याकडे कल अधिक असला, तरी त्याचे वर्ष कोणी १८६७, तर कोणी १८८२ देतात. हे होम चालवणाऱ्या मूळ संस्थेचे स्त्रियांसाठीचे काम आणि होमची स्वतंत्र वास्तू यांत गल्लत झाल्याने हा फरक पडला असावा. स्वतंत्र वास्तूचा निकष लावल्यास नंतरचे वर्ष ग्राह्य वाटते. इंग्लंडमध्ये मद्यपानविरोधी चळवळीच्या पुढारी लेडी हेन्री सॉमरसेट यांनी १८९५-९६ च्या सुमारास सरे परगण्यात मद्यपी स्त्रियांसाठी डक्सहर्स्ट ही वसाहत उभारली. तुरुंगवजा कोठड्यांऐवजी हिरवळीभोवती छोटी घरे, बागकाम, कोंबड्या व मधमाश्या पाळणे आणि आवारातच मुलांची सोय, ही तिची रचना आजच्या कल्पनांना आश्चर्यकारकरीत्या जवळची आहे.

स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण तुलनेने कमी असल्याने तेवढ्याच मद्याने रक्तातील पातळी अधिक चढते. जठरातील मद्यविघटक विकरही कमी पडते, असे १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मांडले गेले. पण या कारणाला किती महत्त्व द्यावे, यावर एकमत नाही. पहिल्या घोटापासून यकृतविकारापर्यंतचा काळ स्त्रियांत बहुधा आखूड असतो. गरोदर स्त्रीस डायसल्फिरॅम (घेतल्यावर मद्य प्यायल्यास त्रास होतो असे औषध) सहसा देत नाहीत. तिचे अफूजन्य पदार्थही एकाएकी बंद करत नाहीत. त्यांच्याऐवजी देण्याच्या मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन या औषधांवर तिला स्थिर ठेवतात.

भारतात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार १० ते ७५ वयोगटात मद्य घेणाऱ्यांचे प्रमाण पुरुषांत २७.३ टक्के, तर स्त्रियांत १.६ टक्के होते. दारूची गोष्ट बाई सहजी कबूल करत नाही, हे हा आकडा वाचताना विसरू नये. तंबाखू या पाहणीत नव्हती. त्यामुळे तव्यावर काळी होईतो भाजून कुटलेली आणि सकाळ-संध्याकाळ बोटाने दातांवर घासली जाणारी मिशरीही तीत आली नाही.

महाराष्ट्रात व्यसनमुक्तीच्या कामात स्त्री आधी आली ती मद्यपीची पत्नी म्हणून. पुण्यातील मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात (स्थापना १९८६) अशा पत्नींचा ‘सहचरी’ हा आधारगट चालतो. स्वतः व्यसनी असलेल्या स्त्रियांसाठीचा ‘निशिगंध’ हा विभाग तेथे पुढे सुरू झाला.