बुल्गोगी की गाल्बी? ओव्हन लावण्याआधी मांसाचा काप बघा

रात्रभर मुरवलेली बुल्गोगी, म्हणजे मुरवून भाजायचे बीफचे कोरियन पातळ काप, ओव्हनमध्ये ठेवली आणि वीस मिनिटांनी बघावं, तर ट्रेमध्ये करडं पाणी नि त्यात चिंध्यांसारखे काप. माझी पहिली खेप अशीच गेली. चव चांगली होती, पण मांसाला दाताखाली काही अंगच उरलं नव्हतं. चूक मसाल्यात नव्हती. गाल्बीची, म्हणजे तशाच मुरवून भाजलेल्या बीफच्या बरगड्यांची, रीत मी बुल्गोगीला लावली होती.

गल्लत होते, कारण दोन्हींचं मुरवण जवळपास सारखंच असतं. अर्धा किलोला चार मोठे चमचे सोया सॉस, दोन चमचे साखर, एक चमचा तिळाचं तेल, ठेचलेला लसूण, पातीचा कांदा, मिरपूड आणि अर्धी किसलेली नासपाती. तेल भाजलेल्या तिळांचं हवं, आपल्या घाण्याच्या तेलाला तो वास येत नाही. सोया सॉसही चायनीजच्या गाडीवरचा काळा, दाट नको.

वेगळेपण आहे ते सुरीत. कोरियन भाषेत ‘बुल’ म्हणजे आग, ‘गोगी’ म्हणजे मांस. ‘गाल्बी’ म्हणजे बरगडी. बुल्गोगीला बिनहाडाचं मांस लागतं, दोन-तीन मिलिमीटर जाडीचं, धाग्यांना आडवं कापलेलं. तासभर फ्रीजरमध्ये ठेवून अर्धवट गोठलं की सुरी सरळ चालते. इतक्या पातळ कापाला अर्धा-पाऊण तास मुरणं पुरतं. नासपातीऐवजी किवी घालणार असाल, तर एक चमचाच घाला आणि वेळ अजिबात वाढवू नका. किवीतलं एन्झाइम मांसाचा लगदा करतं.

गाल्बीला मात्र रात्र द्यावी लागते. घरच्या ओव्हनसाठी ‘एलए गाल्बी’ हा काप सोयीचा: बरगड्यांना आडवी, सेंटिमीटरभर किंवा त्याहून पातळ पट्टी, जिच्या कडेला हाडांच्या तीनेक चकत्या दिसतात. आधी अर्धा तास गार पाण्यात ठेवा, रक्त आणि करवतीचा हाडाचा चुरा निघून जातो. दोन इंची ठोकळे मिळाले तर ते ग्रिल करू नका. त्यांची गाल्बीजिम होते, झाकून मंद शिजवलेली.

आता ओव्हन. बुल्गोगीचं वैर पाण्याशी. रिकामा ट्रे २४० अंशांवर दहा मिनिटं तापवा, काप निथळून घ्या आणि एकावर एक न येऊ देता पसरा. ट्रेवर पडताच चर्र आवाज यायला हवा. सहा-सात मिनिटांत कडा तपकिरी होतात. अर्धा किलो एकाच ट्रेमध्ये कोंबू नका, दोन घाणे करा.

गाल्बीचं वैर साखरेशी. ट्रेऐवजी जाळीवर, वरच्या रॉडपासून दहा-बारा सेंटिमीटर खाली, दर बाजूला चार-पाच मिनिटं. खालच्या ट्रेमध्ये थोडं पाणी घाला, नाहीतर टपकणारा रस जळून घरभर धूर होतो. आणि ओव्हनसमोरून हलू नका: साखर लालसर चकाकते आणि काळी पडते, यांत जेमतेम मिनिटाचं अंतर असतं. वाढताना कोरियन घरांतल्यासारखी कात्रीने दोन हाडांच्या मधल्या मांसातून कापा.

महाराष्ट्रात गोवंश हत्येवर बंदी असल्याने खाटकाकडे म्हशीचंच मांस मिळतं. ते कमी चरबीचं आणि चिवट. त्याची बुल्गोगीच करावी असं माझं ठाम मत आहे, कारण तिथे चिवटपणा मोडायचं निम्मं काम सुरीनेच होऊन जातं.