बोटं शिकत असताना मेंदूतला गाबा कसा मोजतात

तबल्याचा नवा कायदा हातात बसत जातो तेव्हा मेंदूच्या मोटर कॉर्टेक्समध्ये, म्हणजे हालचाली चालवणाऱ्या भागात, गाबा हे रसायन कमी होतं. गाबाचं काम लगाम घालायचं. लगाम थोडा सैल झाला की जुन्या जोडण्या बदलायला वाव मिळतो. कवटीला हात न लावता हे मोजतात ते एमआरआयच्याच यंत्रात. फक्त चित्राऐवजी आलेख निघतो. हीच स्पेक्ट्रोस्कोपी.

तिच्या मुळाशी मुंबईशी जोडलेलं एक नाव आहे. 1951 मध्ये स्टॅनफर्डला अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी इथाइल अल्कोहोलचा संकेत उलगडला: एकाच रेणूतल्या हायड्रोजनची तीन शिखरं, क्षेत्रफळांचं प्रमाण 3:2:1. केंद्रक तेच, पण रेणूतला शेजार बदलला की त्याची वारंवारता किंचित सरकते. यातले धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे त्यांनी एनएमआरचं (चुंबकात केंद्रकांचा संकेत टिपण्याच्या याच तंत्राचं) काम उभं केलं.

गाबा मेंदूत असतो हे 1950 मध्ये कळलं. 1991 मध्ये जेकब्स आणि डोनोह्यू या संशोधकांनी उंदरांच्या मोटर कॉर्टेक्समध्ये गाबाला रोखणारं औषध सोडलं, तर एरवी मुक्या असलेल्या जोडण्या बोलू लागल्या. माणसात हेच पाहायचं तर अडचण मोठी. गाबाचं एक शिखर आलेखावर 3.0 पीपीएमला येतं (पीपीएम म्हणजे वारंवारता किती सरकली ते दशलक्षांशात), आणि नेमकं तिथेच क्रिएटिन या दुसऱ्या रसायनाचं कितीतरी उंच शिखर असतं.

तोडगा 1990 च्या दशकात निघाला, आणि 1998 ची मेगा-प्रेस पद्धत आजही सर्रास वापरतात. गाबाचा 3.0 चा हायड्रोजन 1.9 पीपीएमच्या शेजाऱ्याशी जोडलेला असतो. एका खेपेला 1.9 वर निवडक पल्स (रेडिओ लहरींचा झटका) द्यायची, दुसऱ्या खेपेला दूर 7.5 वर. पहिल्या खेपेत गाबाचं 3.0 चं शिखर बदलतं, क्रिएटिनचं दोन्ही खेपांत तेच राहतं. एकातून दुसरं वजा केलं की क्रिएटिन जातं, गाबा उरतो. प्रतिध्वनीचा वेळ, म्हणजे पहिल्या पल्सपासून संकेत टिपेपर्यंतचा, 68 मिलिसेकंद. 3 टेस्ला ताकदीच्या चुंबकाच्या यंत्रात मेंदूतला 3 सेंटिमीटर बाजूचा ठोकळा मोजायला निवडतात, दोन सेकंदाला एक याप्रमाणे सुमारे 320 नोंदी, म्हणजे दहा-अकरा मिनिटं. उरलेल्या संकेतात निम्म्याच्या आसपास मोठ्या रेणूंची भेसळ असते, म्हणून आकड्यापुढे प्रामाणिकपणे ‘गाबा-प्लस’ लिहितात.

2006 मध्ये फ्लॉयर-ली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हालचालींचा क्रम शिकताना तीस मिनिटांतच हलणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूच्या कॉर्टेक्समधला गाबा घटतो. नुसती हालचाल केली, शिकायला काही नसलं, तर घटत नाही. आम्हाला त्या प्रयोगाचं मोल या तुलनेत वाटतं. तिच्याशिवाय घट शिकण्याची की बोटांच्या मेहनतीची, हे सांगताच येणार नाही. 2011 मध्ये स्टॅग यांच्या गटाला दिसलं की सौम्य विद्युत उत्तेजनाने ज्यांचा गाबा जास्त घटतो, ते शिकतातही जास्त.

चूक बहुतेकदा ठोकळा ठेवतानाच होते. मोटर कॉर्टेक्समधला हाताचा भाग आडव्या छेदात ओमेगा अक्षरासारख्या वळणावरून ओळखतात. तो कवटीलगत असल्याने ठोकळा जरा वर सरकला तरी डोक्याच्या कातडीखालच्या चरबीचा संकेत आत शिरतो. दुसरी खोट दिसत नाही: आधी एफएमआरआय (मेंदूचा कुठला भाग कामात आहे ते दाखवणारी चित्रं) घेतलं तर यंत्राच्या कॉइल तापतात आणि निवताना वारंवारता सरकत राहते. 3 टेस्लाला 0.1 पीपीएम म्हणजे जेमतेम 13 हर्ट्झ. तेवढ्याने निवडक पल्स 1.9 वरून ढळते, वजाबाकीत क्रिएटिनचे अवशेष राहतात, आणि न घडलेली घट आकड्यात उतरते. म्हणून गाबा आधी मोजावा, एफएमआरआय नंतर.