रॉय मॉडेलमागचं कॉलेज

एमएस्सी नर्सिंगचे चार-पाच प्रबंध चाळले की त्यातल्या एखाद्या तरी प्रबंधात ती आकृती भेटतेच. पानभर चौकटी, चौकटींना जोडणारे बाण आणि खालून परत मागे वळणारी ‘फीडबॅक’ची रेघ. खाली ओळ असते, ‘रॉय यांच्या अ‍ॅडाप्टेशन मॉडेलवर आधारित कन्सेप्च्युअल फ्रेमवर्क’, म्हणजे अभ्यासाला आधार देणारी वैचारिक चौकट. सिनॉप्सिस लिहायची वेळ आली की गाईड विचारतात, “थिअरी कुठली घेताय, ओरेम की रॉय?” आणि विद्यार्थिनी नर्सिंगचे सिद्धांत मांडणाऱ्या या दोघींतलं एक नाव सांगून मोकळी होते. चार मोड, म्हणजे माणूस परिस्थितीशी जुळवून घेतो त्या चार बाजू, आणि तीन प्रकारची स्टिम्युलाय, म्हणजे त्याला जुळवून घ्यायला लावणाऱ्या गोष्टी, परीक्षेपुरती पाठ होतात.

ही रॉय कोण, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. आडनावावरून बंगाली बाई वाटावी. प्रत्यक्षात सिस्टर कॅलिस्टा रॉय या लॉस एंजेलिसच्या एक कॅथलिक नन. त्यांच्या मॉडेलची पहिली प्रयोगशाळा होती त्याच शहरातलं ननांनी चालवलेलं मुलींचं कॉलेज, माउंट सेंट मेरीज. मोठं संशोधन विद्यापीठ नव्हे, वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं रुग्णालयही नव्हे. तत्त्वज्ञान, धर्मशास्त्र, साहित्य, इतिहास आणि विज्ञान यांचं शिक्षण प्रत्येक विद्यार्थिनीला देणारं एक लिबरल आर्ट्स कॉलेज. नर्सिंगचं पदव्युत्तर शिक्षण आज ज्या रूपात आपल्यापर्यंत आलंय, त्याचा एक ठळक धागा या कॉलेजातून निघतो. तो माहीत असला तर ती आकृती वेगळीच दिसू लागते.

रॉय यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९३९ चा. तो दिवस संत कॅलिस्टस यांचा, म्हणून नाव कॅलिस्टा. चौदा भावंडं, आई परवानाधारक नर्स. वयाच्या चौदाव्या वर्षी रॉय एका मोठ्या रुग्णालयात कामाला लागल्या, आधी पँट्रीत, मग साफसफाईला, मग नर्सेस एड म्हणून. म्हणजे आपल्या वॉर्डांत ज्यांना मावशी म्हणतात, त्यांच्या कामापासून सुरुवात. पुढे त्या सिस्टर्स ऑफ सेंट जोसेफ ऑफ कॅरोंडेलेट या संघात दाखल झाल्या आणि १९६३ मध्ये माउंट सेंट मेरीजमधून नर्सिंगची पदवी घेतली.

या संघाची घडण समजून घेणं इथे गरजेचं आहे. १६५० च्या सुमारास फ्रान्समधल्या ल प्वी गावात तो सुरू झाला. त्या काळी नन म्हणजे मठाच्या भिंतीआड राहणारी बाई, असाच दंडक. या बायकांनी मात्र भिंतीबाहेर पडून गावातले आजारी, अनाथ आणि गरीब यांची कामं हाती घेतली. १८३६ मध्ये त्यांच्यातल्या सहा जणी अमेरिकेत सेंट लुईसला उतरल्या. शेजारच्या कॅरोंडेलेट वस्तीत त्यांनी बस्तान बसवलं, त्यावरून संघाला ते नाव पडलं. पुढच्या शंभर वर्षांत त्यांनी शाळा काढल्या, रुग्णालयं काढली आणि मुलींची कॉलेजं काढली. १९२५ साली लॉस एंजेलिसमध्ये माउंट सेंट मेरीज उभं राहिलं ते याच वाटेने.

शाळा, रुग्णालय आणि कॉलेज, तिन्ही एकाच संघाच्या हातात होती. तरीही नर्सिंग आणि उच्च शिक्षण बराच काळ दोन वेगळ्या वाटांनी चाललं.

अमेरिकेत १८७३ पासून रुग्णालयांना जोडून नर्सिंगच्या शाळा निघाल्या. नावाला शाळा, पण वॉर्ड चालायचे विद्यार्थिनींच्या श्रमावर. व्याख्यानं ड्युटीतून वेळ मिळेल तशी. कॅथलिक रुग्णालयांच्या शाळा याला अपवाद नव्हत्या, हेही स्पष्ट सांगायला हवं. सेवाभावाच्या नावाखाली फुकट राबवून घेणं तिथेही होतंच. नर्सिंग शिक्षणाची पाहणी करणाऱ्या १९२३ च्या गोल्डमार्क अहवालाने या पद्धतीवर बोट ठेवलं आणि त्याच वर्षी येल विद्यापीठात स्वतंत्र नर्सिंग स्कूल सुरू झालं. १९४८ मध्ये एस्थर ल्युसिल ब्राउन यांच्या अहवालाने आणखी स्पष्ट शब्दांत सांगितलं, की नर्सचं व्यावसायिक शिक्षण रुग्णालयाकडून काढून कॉलेज-विद्यापीठांकडे द्यायला हवं. १९६५ मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशनने पदवी हीच व्यावसायिक नर्सिंगची किमान पात्रता असावी, अशी भूमिका घेतली.

पण कॉलेजात शिकवणार कोण? शिकवणाऱ्या ननांच्याच पदव्या अर्धवट होत्या. वर्षभर वर्ग घ्यायचे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत थोडा थोडा अभ्यासक्रम उरकायचा, असं करत एका पदवीला वीस-वीस वर्षं लागायची. लोक त्याला ‘वीस वर्षांची योजना’च म्हणायचे. इंडियानातल्या सेंट मेरीज कॉलेजच्या अध्यक्षा सिस्टर मॅडेलेवा वुल्फ यांनी १९४९ मध्ये या प्रश्नाला जाहीर तोंड फोडलं. तरुण ननला कामाला जुंपण्याआधी तिचं शिक्षण पूर्ण करा, असं त्यांचं म्हणणं. याच मॅडेलेवा यांनी १९४३ मध्ये आपल्या कॉलेजात स्त्रियांसाठी धर्मशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण सुरू केलं होतं. तोवर अमेरिकेतल्या कॅथलिक संस्थांत स्त्रियांना त्या विषयाची दारं बंद होती. त्यांच्या आग्रहातून १९५४ मध्ये ‘सिस्टर फॉर्मेशन’ चळवळ उभी राहिली आणि ननांची एक पिढी वेळेवर पदव्या घेऊन बाहेर पडली. रॉय यांना ही वाट बऱ्यापैकी मोकळी मिळाली, ती आधीच्या पिढीने असं भांडून घेतल्यामुळे.

संघाने रॉय यांना लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, म्हणजे यूसीएलएला, बालरुग्ण नर्सिंगच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी पाठवलं. तिथल्या प्राध्यापक डोरोथी जॉन्सन यांनी एका चर्चासत्रात विद्यार्थिनींना प्रश्न टाकला: नर्सिंगचं उद्दिष्ट नेमकं काय? डॉक्टर रोग बरा करतो, मग नर्स काय करते? रॉय यांना बालरुग्ण वॉर्डातली मुलं आठवली. मोठ्या शस्त्रक्रियेनंतरही ती किती चटकन सावरतात, बदललेल्या शरीराशी आणि अनोळखी खोलीशी कशी जुळवून घेतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांचं उत्तर तयार झालं: माणसाला जुळवून घ्यायला मदत करणं, हे नर्सिंगचं उद्दिष्ट. हॅरी हेल्सन या मानसशास्त्रज्ञाचा अनुकूलनाचा सिद्धांत त्यांनी या उत्तराला आधार म्हणून घेतला. १९६६ मध्ये पदव्युत्तर पदवी घेऊन त्या माउंट सेंट मेरीजमध्ये शिकवायला परतल्या.

खरी गंमत पुढे आहे. मोठ्या विद्यापीठात हा विचार एखाद्या शोधनिबंधात पडून राहिला असता. लहान कॉलेजात शिक्षिकांच्या बैठकीत ठरलं, की आपला सगळा अभ्यासक्रमच यावर उभा करू. १९६८ पासून काम सुरू झालं आणि १९७० मध्ये माउंट सेंट मेरीजने हे मॉडेल अभ्यासक्रमाचा पाया म्हणून स्वीकारलं. त्याच वर्षी रॉय यांचा पहिला लेख ‘नर्सिंग आउटलुक’मध्ये आला. रुग्ण कसं वागतात, याचे सुमारे पाचशे नमुने वॉर्डांतून गोळा केले गेले आणि त्यांच्या वर्गवारीतून चार मोड निघाले. प्रबंधातल्या त्या चार चौकटी अशा खाटेशेजारच्या नोंदींतून आल्या आहेत.

एक उदाहरण घेऊ. मधुमेहामुळे गुडघ्याखालून पाय काढलेला एक शेतकरी वॉर्डात आहे. जखम, साखर, वेदना, झोप हा झाला शारीरिक मोड, आणि तो सगळ्यांनाच दिसतो. पण तो चादर कमरेपर्यंत ओढून ठेवतो, ड्रेसिंगच्या वेळी तोंड भिंतीकडे फिरवतो. हा स्व-प्रतिमेचा मोड. पेरणी तोंडावर आली आहे आणि घरचा कर्ता खाटेवर आहे, हा भूमिकेचा. बायकोवर उगाच खेकसतो, मुलाने पुढे केलेला पाण्याचा पेला घेत नाही, हा परस्परावलंबनाचा. कापलेला पाय ही समोरची, म्हणजे फोकल स्टिम्युलस. कर्ज, पेरणी, गजबजलेला वॉर्ड ही भोवतालची. गावात कुणाचा तरी असाच पाय काढला आणि तो माणूस टिकला नाही, ही मनात रुतून बसलेली गोष्ट म्हणजे रेसिड्युअल. केसपेपरवर यातलं पहिलंच उतरतं. उरलेलं नर्सने नोंदवलं नाही, तर ते कुठेच नोंदलं जात नाही.

हे मॉडेल लिबरल आर्ट्सच्या कॉलेजात रुजलं, यात मला योगायोग वाटत नाही. स्व म्हणजे काय, माणूस दुसऱ्यावर विसंबतो तेव्हा तो कमी होतो का, हे प्रश्न जिथे रोजच्या वर्गात विचारले जातात, तिथेच नर्सिंगच्या फॉर्मवर त्यांच्यासाठी रकाना निघतो. रॉय यांनी आपल्या श्रद्धेचा आधारही कधी लपवला नाही. माणसाच्या अस्तित्वाला सामायिक हेतू आहे, या गृहीतकासाठी त्यांनी ‘व्हेरिटिव्हिटी’ असा नवा शब्द घडवला, सत्याला असलेल्या लॅटिन शब्दावरून. श्रद्धा बाजूला ठेवणाऱ्यांनाही मॉडेल वापरता येतं, आणि जगभर तसं वापरलं जातंच.

डॉक्टरेट मात्र रॉय यांनी १९७७ मध्ये समाजशास्त्रात घेतली. त्या काळी नर्सिंगमधल्याच डॉक्टरेटचे अभ्यासक्रम मोजके होते. बहुतेक नर्सेस शिक्षणशास्त्र, समाजशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र अशा शेजारच्या घरी जाऊन पीएचडी करत. कॅथलिक संस्थांपैकी वॉशिंग्टनच्या कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिकाने १९६८ मध्ये नर्सिंगची डॉक्टरेट सुरू केली. तिथल्या नर्सिंग स्कूलचा पाया घातला होता सिस्टर ऑलिव्हिया गोवन यांनी, त्या डुलुथच्या बेनेडिक्टाइन नन. बोस्टन कॉलेज हे जेझुइटांचं, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाचं. तिथे नर्सिंग स्कूल १९४७ मध्ये निघालं, पदव्युत्तर अभ्यासक्रम १९५८ मध्ये. १९८७ मध्ये त्यांनी रॉय यांना बोलावून घेतलं आणि पुढच्याच वर्षी पीएचडी सुरू केली. पदवीच्या वर्गात तपासून पाहिलेला विचार अशा रीतीने डॉक्टरेटच्या वर्गात पोचला.

भारतात दिल्लीच्या राजकुमारी अमृत कौर कॉलेजात १९५९ मध्ये नर्सिंगचं पदव्युत्तर शिक्षण सुरू झालं. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज १९६४ चं. पुढे भारतीय नर्सिंग परिषदेच्या एमएस्सी अभ्यासक्रमात नर्सिंगच्या थिअरींची यादी आली. नाइटिंगेल, हेंडरसन, पेपलॉ, ओरेम, न्यूमन यांच्या रांगेत रॉयही आल्या. ही यादी आली हे चांगलंच झालं. पण मॉडेल मात्र ज्या पाचशे नोंदींतून उभं राहिलं, त्यांच्याशिवाय आलं. आपल्याकडे आधी आकृती निवडतात आणि मग तिच्यात रुग्ण बसवतात. माउंट सेंट मेरीजमध्ये क्रम उलटा होता. आपल्या जिल्हा रुग्णालयांतल्या, ग्रामीण वॉर्डांतल्या नोंदींवरून एखादं कॉलेज असं काही उभं करू शकेल, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी यंत्रं लागत नाहीत. लागतो तो शिक्षिकांना विचार करायला मिळालेला वेळ.

अमेरिकेतल्या या कॉलेजांचं चित्रही बदललं आहे. १९६५ मध्ये कोलोरॅडोत लॉरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे रुग्णाची तपासणी आणि उपचार स्वतः करणारी नर्स, ही वाट उघडली. २००४ मध्ये तिथल्या नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेने प्रगत सेवेसाठी डीएनपी, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णसेवेतली डॉक्टरेट, हे लक्ष्य ठरवलं. त्यानंतर लहान कॅथलिक कॉलेजंही या अभ्यासक्रमांत उतरली. सिस्टर मॅडेलेवांचं सेंट मेरीज त्यातलंच एक. वर्गात शिकवणाऱ्या नन आता विरळा, बहुतेक प्राध्यापक धर्मसंघाबाहेरचे. ताणही आहेत. कॅथलिक रुग्णालयांना बिशपांची नैतिक निर्देशावली बांधून घेते. तिच्यानुसार तिथे गर्भनिरोधक देता येत नाहीत, नसबंदी करता येत नाही. स्त्री-आरोग्यात नर्स प्रॅक्टिशनर होणाऱ्या विद्यार्थिनीला मात्र गर्भनिरोधनाचं काम यावंच लागतं. तिला क्लिनिकल पोस्टिंग कुठे द्यायची, हा प्रश्न अशा कॉलेजातल्या प्राध्यापकांपुढे दर सत्राला उभा राहतो.

माउंट सेंट मेरीज २०१५ मध्ये विद्यापीठ झालं. टेकडीवरचा चॅलन कॅम्पस अजून तिथेच आहे. आता तिथे येणाऱ्या मुलींत लॅटिनो घरांतल्या मुली मोठ्या संख्येने असतात, आणि त्यातल्या कित्येक जणी आपल्या घरातून कॉलेजची पायरी चढणाऱ्या पहिल्याच.