गोव्याचा खडा आणि त्याची सोन्याची डबी

बाळाची गुटी उगाळताना आमची आजी वेढे मोजायची. हिरड्याचे दोन, वेखंडाचा एक, जायफळाचा अर्धाच, नाहीतर पोर दिवसभर झोपून राहील. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या एका वस्तूबद्दल वाचलं, तेव्हा मला आजीची ती सहाण आठवली. वस्तूचं नाव आहे 'गोवा स्टोन', म्हणजे गोव्याचा खडा. तोही असाच थोडा थोडा खरवडून पाण्यातून किंवा चहातून घेत. ताप, साथीचे रोग, विषबाधा, सगळ्यावर तो चालतो असा समज होता.

हा खडा खाणीतून निघत नसे, तो हातानं वळत. बकरीसारख्या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात कधी कधी खडा धरतो. फारसीत त्याला 'पादजहर' म्हणत, म्हणजे विषाचा उतारा. 1563 साली गोव्यात छापलेल्या आपल्या औषधी ग्रंथात वैद्य गार्सिया द ऑर्ता यानं त्याचं वर्णन केलंय: मधे एक बारीक काडी आणि तिच्याभोवती कांद्यासारखे पापुद्रे. पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला ज्याचं नाव आहे, तोच हा ऑर्ता. असे खडे दुर्मीळ आणि महाग, म्हणून सतराव्या शतकात गोव्याच्या जेझुइटांनी, म्हणजे एका कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनी, बनावटीचा खडा काढला. पोटातल्या खड्याचा चुरा, कस्तुरी, अंबर, मोती, पोवळं, शिंपले, माणिक, पाचू असं सगळं कुटून गोळा वळायचा आणि वर सोन्याचा वर्ख द्यायचा.

त्यानं गुण येत असेल का? मोती, पोवळं आणि शिंपले, तिन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि आम्लाचा जोर कमी होतो. ॲसिडिटीच्या कितीतरी गोळ्यांत आजही हेच असतं. तेव्हा जळजळणाऱ्या पोटाला थोडाफार आराम पडत असेलही. माणिक म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. ते पोटात विरघळत नाही, गेलं तसं बाहेर येतं. सोन्याच्या वर्खाचंही तेच.

विषाचं मात्र वेगळं. फ्रेंच शल्यवैद्य आंब्र्वाझ पारे यानं सोळाव्या शतकातच बकरीच्या पोटातल्या खड्याची परीक्षा पाहिली होती. चांदीची ताटं चोरल्याबद्दल फाशीची शिक्षा झालेला एक आचारी विष आणि त्यावर खडा घ्यायला तयार झाला. विष होतं पाऱ्याचं, रसकापूर जातीचं. काही तास तडफडून तो मेला. ही गोष्ट वाचताना अंगावर काटा येतो. पण ती छापून झाल्यावरही खड्यांची मागणी शंभर-दीडशे वर्षं टिकली.

इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर 1670 च्या दशकात गोव्यात आला होता. जेझुइटांच्या सेंट रोक मठातलं औषधालय त्यानं पाहिलं. हे खडे शोधून काढणारा फ्लोरेन्सचा ब्रदर गास्पार आंतोनियो तिथंच होता. फ्रायर लिहितो की खड्यांमुळे मठाला वर्षाला 50,000 झेराफिन, म्हणजे गोव्यातली तेव्हाची चांदीची नाणी, मिळतात आणि गास्पार स्वतः म्हातारा, जवळजवळ आंधळा झाला आहे. मला या साऱ्या कथेत हा माणूस सर्वांत जवळचा वाटतो. डोळे गेले तरी गोळा नीट वळला की नाही, हे त्याचे तळवे सांगत असतील.

युरोपात हे खडे सोन्याहून महाग विकले जात, असं नेहमी सांगतात. गोव्यातला भाव मात्र चार्ल्स लॉकियर या व्यापाऱ्यानं 1711 साली छापलेल्या पुस्तकात आहे: 11 औंस खडे, 20 रुपये. 11 औंस म्हणजे 300 ग्रॅमहून थोडे जास्त. तेव्हाच्या रुपयात साधारण साडेअकरा ग्रॅम चांदी, म्हणजे 20 रुपयांत 230 ग्रॅम. गोव्यात खडा त्याच्याच वजनाच्या चांदीपेक्षा स्वस्त होता! आत माणिक-पाचू किती पडत असतील, ते यावरून ताडावं. नकली खडेही पुष्कळ निघत, असं लॉकियरच सांगतो.

न्यूयॉर्कचा खडा सोन्याच्या जाळीदार डबीत ठेवलेला आहे. जाळीच्या कोरीव कामात युनिकॉर्न आणि ग्रिफिन आहेत, दोन्ही कुणी कधी न पाहिलेले प्राणी. आजीच्या हिरड्याला जुन्या चिंधीची पुरचुंडी पुरायची.